एका ऊसपावतीत किती गोष्टी असतात

उसाची भरलेली गाडी साखर कारखान्याच्या काट्यावर चढते, गव्हाणीत रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते आणि एक पावती निघते. शेतकऱ्याचं नाव, सभासद क्रमांक, गाव, शेताचा गट नंबर, उसाची जात, लागण की खोडवा, तोडणी टोळीचा नंबर, वाहनाचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, तारीख, वेळ, पाळी हे सगळं त्या एका चिठोऱ्यावर असतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी नोकरीला लागले, तेव्हा या पावत्यांवरून पंधरवड्याची ऊसबिलं तयार करणं हे माझं काम होतं. काही हंगामांनंतर हीच सगळी माहिती फॉक्सप्रोच्या फायलींमधून रिलेशनल डेटाबेसमध्ये नेण्याचं कामही माझ्याकडे आलं. माहितीची मांडणी या विषयावर नंतर मी पुष्कळ वाचलं, तरुण मुलामुलींना शिकवलंही. पण या विषयातलं मला जे पक्कं कळलं, ते या पावतीमुळे कळलं.

या कामाला घड्याळ लावलेलं असतं. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला पैसे देणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावं लागतं. आडसाली लागण असेल तर शेतकऱ्याने दीड वर्ष त्या पिकाची वाट पाहिलेली असते. त्याच्या बिलातून सोसायटीचं कर्ज कापलं जातं, उरलेल्या रकमेवर पुढच्या लागणीचं गणित, मुलांची फी, घरातलं लग्न अवलंबून असतं. त्यामुळे माहितीतली चूक आमच्याकडे कागदावर राहत नसे. ती कुणाच्या तरी घरापर्यंत पोचत असे.

आमच्या फायली डीबीएफ प्रकारच्या होत्या. ही पद्धत डीबेसने रूढ केली. अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी लिहिलेल्या एका प्रोग्रॅममधून डीबेस उभा राहिला आणि १९८०च्या दशकात जगभरच्या छोट्या संगणकांवर पसरला. फॉक्सप्रो त्याच घराण्यातला. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो मूळ कंपनीसकट विकत घेतला. आपल्याकडे तालुक्याच्या गावच्या कॉम्प्युटर क्लासमध्येही नव्वदच्या दशकात डीबेस आणि फॉक्सप्रो शिकवत. पतसंस्था, दूध संघ, कारखाने यांचे हिशेब त्यावर चालत.

अशा फाइलची रचना अगदी सरळ असते. सुरुवातीला एक मथळा: स्तंभांची नावं, तीही दहा अक्षरांपर्यंत, प्रत्येकाचा प्रकार आणि रुंदी, एकूण नोंदींची संख्या. त्यापुढे एकामागून एक नोंदी, सगळ्या सारख्याच लांबीच्या. एक नोंद २०० बाइटांची असेल तर हजारावी नोंद कुठे आहे हे गुणाकाराने सांगता येतं. प्रत्येक नोंदीच्या अगदी पहिल्या जागी एक खूण असते. नोंद रद्द केली की तिथे फक्त तारा उमटतो. पॅक ही आज्ञा दिल्याशिवाय ती नोंद खरोखर जात नाही. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावर हे सगळं झटपट चालायचं. या साधेपणाबद्दल मला आजही आदर आहे, कारण त्यामुळेच खेड्यापाड्यांतल्या संस्थांना संगणक परवडला आणि समजला.

पण आमच्या पावतीच्या फाइलमध्ये पावतीवर दिसणारं सगळंच प्रत्येक नोंदीत लिहिलेलं असे. एका शेतकऱ्याच्या चाळीस गाड्या आल्या तर त्याचं नाव, गाव, बँक आणि खाते क्रमांक चाळीस वेळा. एका सपाट तक्त्यात सगळं भरायचं, ही फ्लॅट फाइलची वृत्ती. त्यातून होणारे घोटाळे पुस्तकांत व्यवस्थित वर्गवारी करून दिलेले असतात. आम्ही ते हंगामात भोगत होतो. खातं बदललं की ते पावत्यांत बदलायचं, ऊस नोंदीच्या फाइलमध्ये बदलायचं, ठेवींच्या आणि शेअर्सच्या फाइलमध्येही बदलायचं. एखादी जागा राहिली की बिल जुन्या खात्यावर जायचं. शेअर घेतला पण अजून ऊस नोंदवला नाही, अशा नव्या सभासदाला ऊस नोंदीच्या फाइलमध्ये जागाच नसे, म्हणून शून्य क्षेत्राची खोटी नोंद करावी लागे. आणि कुणाची एकमेव नोंद रद्द झाली तर तो कोणत्या सोसायटीचा, हेही तिच्याबरोबर पुसलं जाई. एका फाइलमध्ये 'बाबुराव' आणि दुसरीत 'बाबूराव' असेल तर संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शेतकरी. उलट एकाच गावात नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तंतोतंत सारखं असलेली दोन माणसं असत, आणि नावावरून शोधणारा प्रोग्रॅम त्या दोघांना एकच समजे.

कपातींची तऱ्हा आणखी वेगळी. बिलाच्या फाइलमध्ये कपात १, कपात २ असे दहा स्तंभ होते. पाचवा स्तंभ म्हणजे सोसायटी, सहावा म्हणजे बेणे उधारी, सातवा म्हणजे ठिबक संचाचा हप्ता, हे फायलीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते बिल विभागातल्या ज्येष्ठ लेखनिकांना पाठ होतं. संचालक मंडळाने अकरावी कपात ठरवली की फाइलची रचना बदला, आणि ती फाइल उघडणारा प्रत्येक प्रोग्रॅम शोधून बदला. दरवर्षी हंगाम सुरू होताना सगळ्या फायलींची प्रत नव्या फोल्डरमध्ये घालायची, पावत्या रिकाम्या करायच्या आणि नव्याने सुरुवात करायची. मग पाच हंगामांचा एकत्र आढावा मागितला की पाच फोल्डर, आणि प्रत्येकात रचना थोडी थोडी निराळी.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. फॉक्सप्रोत अनेक फायली ठेवता येत, त्या सामाईक क्रमांकाने जोडताही येत. १९९५च्या व्हिज्युअल फॉक्सप्रोत तर नियम आणि व्यवहार सांभाळण्याची सोयही आली. आमच्याकडेही सभासदांची स्वतंत्र फाइल होतीच. पण दोन फायलींचं नातं लिहिलेलं असे ते प्रोग्रॅममध्ये. एका प्रोग्रॅमने ते पाळलं आणि दुसऱ्याने पाळलं नाही तर अडवणारं कुणी नव्हतं. फाइलला स्वतःबद्दल एवढंच माहीत होतं: इतके स्तंभ, एवढी रुंदी. बाकीचं सगळं ज्ञान प्रोग्रॅममध्ये आणि माणसांच्या डोक्यात होतं.

नेमका हाच प्रश्न एडगर कॉड यांनी १९७० मध्ये हाती घेतला होता. कॉड मूळचे इंग्लंडचे, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक, पेशाने गणिती, आणि तेव्हा आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत संशोधक. त्या काळी मोठ्या माहितीसाठी झाडासारख्या फांद्यांच्या रचना वापरत. अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांच्या यादीसाठी घडवलेली आयबीएमची आयएमएस ही त्यातली प्रसिद्ध. कॉड यांनी आपल्या निबंधात दाखवलं की असे प्रोग्रॅम तीन गोष्टींना बांधलेले असतात: नोंदींचा क्रम, अनुक्रमणिका आणि माहितीपर्यंत जाण्याची वाट. सुटे भाग आणि प्रकल्प यांची तीच माहिती त्यांनी पाच वेगवेगळ्या रचनांत मांडून दाखवली; एका रचनेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालत नाही.

तो निबंध मी वाचला तेव्हा तिन्ही बंधनं मला आमच्या बिल विभागात दिसली. बिलाचा प्रोग्रॅम पावत्या वरून खाली वाचत जायचा आणि सभासद क्रमांक बदलला की आधीच्याचं बिल बंद करायचा. पावत्यांचा क्रम विस्कटला तर एकाच शेतकऱ्याची दोन बिलं निघत. हे क्रमाचं बंधन. वीज गेली की अनुक्रमणिकेची फाइल बिघडे. नोंद फाइलमध्ये असूनही प्रोग्रॅम ती सापडत नाही म्हणे, आणि रात्रपाळीच्या माणसाला रीइंडेक्स करत बसावं लागे. हे अनुक्रमणिकेचं बंधन. सभासदावरून त्याच्या पावत्या काढायला प्रोग्रॅम होता, पण एखाद्या टोळीने कोणाकोणाच्या शेतात तोड केली हे उलट्या बाजूने विचारायचं तर नवा प्रोग्रॅम लिहावा लागे. हे वाटेचं बंधन.

कॉड यांचा उपाय असा: माहिती साध्या तक्त्यांत मांडा. तक्त्यातल्या ओळींच्या क्रमाला काही अर्थ नसेल. प्रत्येक ओळ तिच्या किल्लीवरून, म्हणजे प्रायमरी कीवरून ओळखली जाईल. एका तक्त्याने दुसऱ्याचा उल्लेख करायचा तो फक्त त्या किल्लीच्या किमतीने. संगणकातल्या जागेच्या पत्त्याने नाही. आणि प्रश्न विचारणाऱ्याने काय हवं ते सांगावं, कसं शोधायचं हे यंत्रावर सोपवावं. यातूनच पुढे आयबीएममध्ये सिस्टिम आर हा प्रकल्प आणि डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांची एसक्यूएल ही भाषा आली, बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांचं इंग्रेस आलं, १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आलं. आम्ही निवडलेला पोस्टग्रेस हा बर्कलीच्याच परंपरेतला, फुकट मिळणारा. कॉड यांना १९८१ मध्ये ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

आता नवीन मांडणीचं काम. तक्ते आखायचे म्हणजे मला वाटलं होतं त्यापेक्षा हे काम निराळं निघालं. संगणकासमोर बसण्याचा वेळ थोडा आणि शेतकी, बिल, शेअर्स, काटा या विभागांतल्या माणसांशी बोलण्याचा वेळ जास्त. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, "आपल्याकडे शेतकरी म्हणजे कोण?" सगळ्यांनी उत्तर दिलं, आणि प्रत्येकाचं वेगळं निघालं. शेअर्स विभागाच्या दृष्टीने ज्याने शेअर घेतला तो. शेतकी विभागाच्या दृष्टीने ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. गटातल्या चिटबॉयच्या, म्हणजे उसाच्या नोंदी घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ज्याने येऊन उसाची नोंद दिली तो. आणि बिल विभागासाठी ज्याच्या खात्यात पैसे जातात तो. बहुतेक वेळा हे चारही एकच. पण वडील वारले आणि शेअर अजून त्यांच्याच नावावर, जमीन आईच्या नावावर, नोंद मोठ्या मुलाने दिलेली आणि पैसे धाकट्याच्या खात्यात, असंही असायचं. आमच्या जुन्या फाइलमध्ये या चौघांसाठी 'नाव' हा एकच स्तंभ होता. ज्याने नोंद भरली त्याने त्या वेळी जे योग्य वाटलं ते नाव घातलं होतं.

फ्लॅट फाइल असा प्रश्न कधी विचारतच नाही. एक ओळ भरली की झालं. रिलेशनल मांडणीत पुढे सरकायचं तर उत्तर द्यावंच लागतं, कारण प्रत्येक तक्ता एकाच प्रकारच्या गोष्टीचा असतो आणि ती गोष्ट कोणती हे आधी ठरवावं लागतं. आम्ही व्यक्तींचा एक तक्ता केला. सभासदत्व, जमिनीचा हक्क, ऊस नोंद आणि बँक खातं हे वेगळे तक्ते, त्या प्रत्येकात व्यक्तीचा क्रमांक. एका पावतीत किती गोष्टी दडल्या होत्या ते कागदावर आलं: व्यक्ती, गाव, शेत, नोंद, जात, टोळी, वाहन, वजन. पावतीच्या तक्त्यात उरल्या फक्त वजनं, वेळ आणि बाकीच्यांचे क्रमांक.

शेतकी विभागातल्या एका जुन्या लेखनिकांना हे माझ्या आकृत्यांवरून पटत नव्हतं. थोडा वेळ बघून तेच म्हणाले, "मॅडम, म्हणजे तलाठ्याच्या दप्तरासारखं. सातबाऱ्यावर गट नंबर आणि खाते नंबर, आठ-अ वर त्या खात्याचे सगळे गट, आणि नाव बदललं तर फेरफार." त्यांनी मला वाट दाखवली. महसुली दप्तरात गाव नमुना सहा, सात, आठ-अ आणि बारा ही वेगवेगळ्या कामांची पत्रकं आहेत, आणि गट, खाते व फेरफार क्रमांकांनी ती एकमेकांशी जोडलेली आहेत. त्या दिवसापासून तक्त्यांची चर्चा मराठीतून, दप्तराच्या भाषेत होऊ लागली आणि ज्यांनी कधी एसक्यूएल पाहिलं नव्हतं ती माणसं माझ्या आराखड्यातल्या चुका दाखवू लागली.

सामाईक क्षेत्राचा तिढा त्यातूनच सुटला. जुन्या फाइलमध्ये अनेक ठिकाणी नावापुढे 'व इतर' लिहिलेलं असायचं. चार भावांची सामाईक जमीन असली तरी बिल एकाच्या नावाने. एका भावाची चार शेतं आणि एका शेताचे चार भाऊ, अशी दोन्हीकडून अनेकपणाची नाती सपाट तक्त्यात बसत नाहीत. म्हणून ती 'व इतर' मध्ये कोंबली जातात. आम्ही मध्ये एक तक्ता घातला: शेत, व्यक्ती, हिस्सा. चार भावांच्या चार ओळी. ज्यांचा हिस्सा आहे पण नाव कधी दिसलं नव्हतं, अशी माणसं पहिल्यांदा नोंदीत आली. त्यांत बहिणीही होत्या. हा तांत्रिक निर्णय आहे असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मला पटलं नसतं. कोणाची नोंद होणार आणि कोण 'इतर' राहणार, हे तक्त्याची आखणी ठरवते.

कपातींचे दहा स्तंभही गेले. त्या जागी बिल क्रमांक, कपातीचा प्रकार आणि रक्कम असा तीन स्तंभांचा तक्ता आला. नवी कपात म्हणजे प्रकारांच्या यादीत एक ओळ. प्रोग्रॅमला हात लावायचं कारण उरलं नाही. दर हंगामाचा फोल्डर गेला आणि 'हंगाम' हा साधा स्तंभ झाला.

मग जुनी माहिती नव्या तक्त्यांत भरायला घेतली आणि डेटाबेसने ती नाकारायला सुरुवात केली. आम्ही फॉरेन कीचे नियम आधीच घातले होते: पावतीतला सभासद क्रमांक सभासदांच्या तक्त्यात असलाच पाहिजे, उसाची जात जातींच्या यादीत असलीच पाहिजे. जुन्या पावत्यांत यादीत नसलेले सभासद क्रमांक निघाले. को ८६०३२ ही एकच जात '८६०३२', 'को८६०३२', 'को-८६०३२' अशा अनेक रूपांत निघाली; फुले २६५ आणि को एम ०२६५ ही एकाच वाणाची दोन नावं वेगळ्या जाती म्हणून मोजली जात होती, त्यामुळे जातवार उत्पादनाचे जुने तक्ते चुकीचे होते. नावांचं रूपांतर हाही वेगळा व्याप. जुनी मराठी नावं इस्की या सांकेतिक पद्धतीत होती, जिच्यात प्रत्येक चिन्हाला एक बाइट लागतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ठरावीक रुंदीच्या जुन्या स्तंभांत ती मावणार नव्हतीच.

हे नकार पाहून काही जण वैतागले. "जुनी सिस्टिम कधी नाही म्हणत नव्हती," असं बिल विभागाचे साहेब म्हणाले, आणि ते खरं होतं. पण डेटाबेसने नाकारलेली प्रत्येक ओळ एका माणसाची होती. आम्ही त्या ओळींच्या याद्या गटवार छापल्या, चिटबॉयांनी गावात जाऊन शहानिशा केली, आणि खरी माहिती भरली. नियम प्रोग्रॅममध्ये असते तर ते फक्त त्या प्रोग्रॅमने पाळले असते. ते माहितीच्या शेजारीच लिहिलेले असल्यामुळे कोणीही, कोणत्याही वाटेने आलं तरी त्याला पाळावे लागत होते. आम्हा संगणक विभागवाल्यांनाही.

एक सावधगिरी मात्र इथे सांगायला हवी, कारण शिकाऊ मुलं नेमकी इथे अडकतात. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी हा नियम खरा, पण कोणती गोष्ट हे नीट पाहावं लागतं. शेतकऱ्याचं सध्याचं खातं हे व्यक्तीबद्दलचं सत्य आहे. ते एकाच जागी हवं. पण अमुक पंधरवड्याचं बिल ज्या खात्यावर प्रत्यक्ष जमा झालं ते खातं, किंवा ज्या दराने ते बिल झालं तो दर, हे त्या बिलाबद्दलचं सत्य आहे. ते बिलाच्या ओळीतच कायम राहिलं पाहिजे. पुढे खातं बदललं, दुसरा हप्ता जाहीर झाला, तरी आधीच्या बिलाचा इतिहास बदलता कामा नये. दोन ठिकाणी सारखाच आकडा दिसला म्हणून ती पुनरुक्ती ठरत नाही. तो आकडा कशाबद्दल बोलतो आहे, हे विचारल्याशिवाय तक्ता आखता येत नाही.

बिलांच्या रात्रीची भीती गेली ती व्यवहाराच्या सोयीमुळे. बिल करणं म्हणजे एका शेतकऱ्यासाठी अनेक नोंदी: एकूण रक्कम, सोसायटीला वर्ग, ठेवीत जमा, उरलेली रक्कम बँकेला. फायलींच्या काळात मध्येच वीज गेली तर सोसायटीच्या फाइलमध्ये कपात झालेली पण बिलाच्या फाइलमध्ये नोंद नाही, अशी अर्धवट अवस्था राही, आणि सकाळपर्यंत दोन्ही छापे शेजारी ठेवून पट्टीने ओळी जुळवाव्या लागत. रिलेशनल डेटाबेसमध्ये हा सगळा संच एक व्यवहार म्हणून सांगता येतो: झाला तर सगळा, नाहीतर काहीच नाही. या कल्पनेला शास्त्रशुद्ध पायावर उभं करण्यात जिम ग्रे यांचा वाटा मोठा. त्यांना १९९८ मध्ये ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. काट्यावर पावत्या पडत असताना आतमध्ये बिलं काढता येऊ लागली, कारण पूर्ण फाइल कुलूपबंद करण्याची गरज उरली नाही.

तरीही काट्यावर आम्ही साधी फाइलच ठेवली. शेतकी अधिकाऱ्यांनी पहिल्या बैठकीतच बजावलं होतं, "मॅडम, काहीही करा, काटा थांबता कामा नये. तासभर थांबला तर गाड्या हमरस्त्यापर्यंत लागतील आणि ऊस वाळेल." तोडलेल्या उसाचं वजन आणि साखर तासागणिक घटते, टोळ्या खोळंबतात, ट्रॅक्टरवाल्यांच्या खेपा बुडतात. म्हणून काट्याच्या संगणकावर प्रत्येक वजन आधी एका मजकूर फाइलच्या शेवटी एक ओळ म्हणून लिहिलं जाई आणि तिथून डेटाबेसकडे जाई. मधली तार तुटली तरी वजनं चालू राहत, जोडणी आली की ओळी पोचत. एकाच ठिकाणी, एकाच क्रमाने, फक्त शेवटी भर घालत लिहिणं हे फ्लॅट फाइलइतकं भरवशाने दुसरं काही करत नाही. डेटाबेस स्वतःही आतून हेच करतो: तक्ते बदलण्याआधी तो बदलाची नोंद एका रोजनिशीसारख्या फाइलच्या शेवटी लिहितो आणि वीज गेल्यावर तिच्यावरूनच सावरतो. बँकेला पाठवायची यादी, लेखापरीक्षकांना द्यायचा उतारा यांसाठीही आम्ही स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या फायलीच वापरत राहिलो. ज्या माहितीत एकाच प्रकारची गोष्ट आहे, जी एकदा लिहिल्यावर बदलायची नाही, तिच्यासाठी साधी फाइल उत्तम.

नव्या मांडणीचं खरं फळ हंगाम संपल्यावर दिसलं. ऊस विकास विभागातल्या एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "ताई, गेल्या काही हंगामांत कोणत्या गावात खोडव्याचं एकरी उत्पादन लागणीच्या तुलनेत सगळ्यात जास्त घसरलं?" जुन्या पद्धतीत हा स्वतंत्र प्रोग्रॅम झाला असता. आता पावत्या, नोंदी, शेतं आणि गावं जोडणारी काही ओळींची एसक्यूएल पुरली. हा प्रश्न कोणी विचारेल असं आखणी करताना आमच्या मनातही नव्हतं. कोणत्या तक्त्यापासून सुरुवात करायची, कोणती अनुक्रमणिका वापरायची हे डेटाबेसनेच ठरवलं. वेगवेगळ्या वाटांचा खर्च मोजून स्वस्त वाट निवडण्याची ही रीत सिस्टिम आरच्या काळात पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडली. उत्तरावरून त्या अधिकाऱ्याने पाचट कुजवणं आणि खोडवा व्यवस्थापनाचे मेळावे कोणत्या गावांत आधी घ्यायचे ते ठरवलं. संगणक विभागाचं काम बिलांपुरतं असतं अशी समजूत कारखान्यात होती, ती त्यानंतर बदलत गेली.

फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नाही असं मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केलं. सपाट तक्ते मात्र गेले नाहीत. ते एक्सेलमध्ये आले. आज एखादी शेतकरी उत्पादक कंपनी किंवा पतसंस्था सल्ल्यासाठी बोलावते तेव्हा बहुतेक वेळा एक्सेलचीच फाइल पुढे येते. एका पत्रकावर १०,४८,५७६ ओळी मावतात, तेव्हा जागेची अडचण सहसा नसते. अडचण असते ती 'नाव' या स्तंभाची, 'हप्ता १, हप्ता २' अशा लांबत जाणाऱ्या शीर्षकांची, 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम दुरुस्त' अशा प्रतींची, आणि पिवळ्या रंगाच्या ओळींचा अर्थ फक्त एकाच कर्मचाऱ्याला ठाऊक असण्याची.

त्यांना मी लगेच डेटाबेस घ्या असं सांगत नाही. त्यांच्या फाइलमधली एक ओळ फळ्यावर लिहायला लावते आणि विचारते: या ओळीत किती वेगवेगळ्या गोष्टी आहेत? प्रत्येक गोष्ट कशावरून ओळखायची? ती बदलली तर कोण बदलणार, आणि जुनी किंमत जपायची आहे का? या ओळीत कोणाचं नाव यायला हवं होतं आणि आलेलं नाही? एवढ्याची उत्तरं मिळाली की तक्ते जवळजवळ आपोआप पडतात. ती मिळाली नाहीत तर महागातलं सॉफ्टवेअर आणूनही आतमध्ये जुनी सपाट फाइलच तयार होते. असे डेटाबेस मी पाहिले आहेत, ज्यात शंभर स्तंभांचा एकच तक्ता आहे आणि एकही फॉरेन की नाही.

सहकारी संस्था हजारो लोकांच्या विश्वासावर उभी असते, आणि त्या विश्वासाचा मोठा भाग तिच्या नोंदींत असतो. त्या नोंदींचे नियम एका-दोन अनुभवी माणसांच्या स्मरणात राहिले तर त्यांच्या निवृत्तीबरोबर ते नियमही जातात, आणि शेतकऱ्याला आपल्याच उसाचा हिशेब समजून घ्यायला कुणाची तरी मर्जी सांभाळावी लागते. तेच नियम माहितीच्या आखणीत उघड लिहिलेले असले तर ते कोणालाही वाचता येतात, तपासता येतात आणि चुकीचे असतील तर सभेत उभं राहून बदलायला लावता येतात. रिलेशनल मांडणीबद्दल मला आस्था वाटते ती या कारणासाठी, आणि म्हणूनच गावातल्या प्रत्येक संस्थेत ती समजणारं एक तरी माणूस असावं असा माझा आग्रह आहे.